बाराशे नंबरचा पेपर

मशीननं माझी बोटं नाकारली. एकदा नाही, चारदा. उजवी चार बोटं, डावी चार बोटं, दोन्ही अंगठे, मग पुन्हा उजवी. काचेखाली हिरवा उजेड पेटायचा, मी श्वास रोखून धरायचे आणि टुंक. लाल. व्हिसा सेंटरच्या काउंटरपलीकडच्या माणसाच्या छातीवर निरंजन असं नाव होतं आणि तो अजिबात वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. त्यानं टिश्यू दिला, काच पुसली, "रिलॅक्स, हलकं दाबा" म्हणाला. मी हलकं दाबलं. टुंक. शेवटी त्यानं स्क्रीन थोडी माझ्याकडे वळवली. तिथं माझी बोटं होती म्हणे. धुक्यात ठेवलेल्या बटाट्यांसारखे चार करडे लांबट डाग. रेषा नाहीत. एकही नाही. सतरा वर्षं मी ही बोटं घेऊन चिखलीपासून चिंचवडपर्यंत हिंडते आहे, यांनी पाणीपुरी खाल्ली आहे, दहावीचे पेपर लिहून ब्याण्णव टक्के आणले आहेत, आणि आज एक काच म्हणते, इथं कुणी नाही. मला हसूच आलं आधी. खरंच. मग निरंजननं विचारलं, "हातानं काय काम करता? केमिकल वगैरे?" आणि मी पटकन म्हणाले, "काही नाही. शिकते." तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून आई उठून आली. मी अठराची नाही, म्हणून घरातलं एक माणूस आत येऊ देतात. पदर सावरत, काउंटरला हात न लावता, जणू तेही मशीनच आहे, ती म्हणाली, "साहेब, तिचा काय दोष न्हाई. माझं रबराचं काम हाय घरी. लहानपणापासून हाताशी असती पोरगी. रबरानं खाल्ली असतील बोटं." सगळ्या हॉलला ऐकू गेलं. शेजारच्या काउंटरवरची कानात वायर घातलेली मुलगी वळून बघायला लागली. आणि मी काय केलं? मी खाली बघितलं. माझ्या बुटांकडे. कारण बोटं रबरानं खाल्ली नव्हती. ती मी घासली होती.

मला क्युरासावला जायचं होतं. कुठं आहे म्हणून विचारू नका, आमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येकानं विचारून झालं आहे आणि मी प्रत्येकाला मोबाइलवर बोटानं नकाशा ताणून दाखवला आहे: हा कॅरिबियन समुद्र, हा अमेरिका खंडाचा खालचा तुकडा, आणि त्याच्या डोक्यावर ही एवढीशी शिंक. ते बेट. पप्पा म्हणाले, "म्हणजे वेस्ट इंडीजच की!" आणि चाकणच्या कंपनीच्या बसमध्ये त्यांनी तेच सांगितलं. त्यामुळे त्यांच्या लाइनवरच्या निम्म्या लोकांची समजूत आहे की ज्ञानदेवची पोरगी क्रिकेट खेळायला चालली. खरं म्हणजे तिथं एक समुद्र-संशोधन केंद्र आहे. ते दर वर्षी वेगवेगळ्या देशांतली अकरावी-बारावीची मुलं सहा आठवड्यांसाठी बोलावतं, इंटर्न म्हणून. प्रवाळ असतं ना, समुद्रातलं, दगडासारखं दिसतं पण जिवंत असतं, त्याचे नखाएवढे तुकडे करायचे, ते टाइलवर चिकटवायचे, आणि भोवती शेवाळ धरलं की बारक्या ब्लेडनं खरवडून काढायचं. जिवंत भागाला धक्का न लावता. तुकडे वाढले की परत समुद्रात. आमच्या कॉलेजच्या दीपमाला मॅडमनी, बायोलॉजीच्या, नोटीस वाचून दाखवली तेव्हा वर्गात दोघं झोपले होते आणि मी सरळ बसले. माझ्या हातांना आधी कळलं, डोक्याला नंतर. जिवंत भागाला धक्का न लावता कडेचं काढून टाकायचं. अरे, हे तर मी रोज करते!

आमच्या घरी गोणीनं सीलं येतात. गाडीच्या दाराची, पंपाची, कशाकशाची काळी रबरी सीलं. साच्यातून निघताना त्यांच्या कडेला पातळ झालर राहते, पापडाच्या काठासारखी. ती कापायची. कमी कापली तर माल परत, जास्त कापली तर सील मेलं. ब्लेडचा अर्धा तुकडा काडीत बसवायचा, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची, ही मूठ आईची स्वतःची. आमच्या मजल्यावरच्या सगळ्या बायका आता तशीच करतात. मी सहा वर्षांची असताना आईच्या मांडीला टेकून पहिलं सील कापलं आणि डाव्या हाताची तर्जनीही. ती खूण अजून आहे, तिरकी, पांढरी. रबराला एक वास असतो, नव्या टायरच्या दुकानातला, आणि तो माझ्या वह्यांना, वेणीला, भाकरीला सगळ्याला होता, म्हणजे मला तो येतच नव्हता, आठवीत शेजारच्या बाकावरची मिनल "कसला वास येतोय गं?" म्हणेपर्यंत. तेव्हापासून मी बाकावर मुठी मिटून बसायचे. बोटांच्या टोकांवर काळं बसतं, रेषारेषांत, ते साबणानं जात नाही, लिंबानं जात नाही, रॉकेलनं थोडं जातं आणि मग रॉकेलचा वास. पण काळी असली तरी काय बोटं आहेत ती! निवडीसाठी त्यांनी सांगितलं होतं, चिकाटीचं काही काम करताना दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवा. मी संत्र्याच्या अकरा फोडी घेतल्या आणि ब्लेडनं प्रत्येकीची साल काढली, ती आतली, पारदर्शक. एकही फोड फुटली नाही. अकरा नागड्या, चमकणाऱ्या फोडी बशीत गोल मांडल्या. अख्ख्या भारतातून यंदा दोघं निवडले. एक केरळातला कुणी. आणि एक मी, स्वरूपा ज्ञानदेव घोळवे, घरकुल, चिखली.

मुलाखत व्हिडिओ कॉलवर झाली, आमच्याकडे संध्याकाळचे साडेसहा, त्यांच्याकडे सकाळचे नऊ. त्या बाईंचं नाव मार्टिना, केस बारीक पिळांचे, मागं खिडकीत समुद्र असा काही निळा की मला वाटलं पडदा लावलाय. त्या हसल्या आणि म्हणाल्या, असे हात कुठं शिकलीस? मी इंग्रजीत सांगितलं, मला चित्रकलेची आवड आहे. तेव्हाच स्क्रीनच्या कोपऱ्यात छोट्या चौकोनात मला माझा हात दिसला. केस मागं सारत होते मी, आणि पाचही टोकं काळी. आत स्वयंपाकघरात आई श्वाससुद्धा हळू घेत होती, कॉल बिघडू नये म्हणून. तिला इंग्रजी कळत नाही हे त्या क्षणी मला फार सोयीचं वाटलं. हे लिहिताना अजून कान गरम होतात.

मग व्हिसाची तारीख आली, तीन एप्रिल, आणि आदल्या दुपारी मी बाथरूमची कडी लावून पप्पांच्या डब्यातला पॉलिश पेपर घेऊन बसले. पप्पा फायनल इन्स्पेक्शनला आहेत, गिअरचे शाफ्ट तपासतात, आणि घरात त्यांना कुठंही ओरखडा सहन होत नाही. कढईचा दांडा, देवाची समई, दाराची कडी, सगळ्यावर त्यांचा पेपर फिरलेला. मला वाटलं, बोट म्हणजे तरी काय? डाग आहे, फिनिशिंग करायचं. पाण्यात भिजवायचा, गोल गोल फिरवायचा, जोर द्यायचा नाही. मी जोर दिला नाही. दहाही बोटांना वेळ दिला, मधे दोनदा पाणी बदललं, ते काळं होत गेलं तसतशी मी गाणं म्हणायला लागले. शेवटी बोटं गुलाबी झाली, चकचकीत, लग्नातल्या करवलीसारखी. कपाला हात लावला की चटका बसायचा, पण म्हटलं, सुंदर दिसायला थोडं सोसावं लागतं! दुसऱ्या दिवशी पुण्याला जाताना बसमधल्या दांड्याला मी मुद्दाम सगळ्यांना दिसेल असा हात धरला होता. कुणाला काय पडलंय? पण मला वाटत होतं की दापोडीच्या पुलाशेजारून जाणारी लोकलसुद्धा माझी बोटं बघून शिट्टी मारते आहे.

परत येताना मी तो दांडा धरला नाही. निरंजननं सांगितलं होतं: एकवीस एप्रिलला परत या. तोवर हाताला आराम. कटिंग नको, साबण कमी, क्रीम लावा, त्वचा परत येते. तेव्हाही नाही उमटली तर अर्ज वर जाईल आणि किती दिवस लागतील सांगता येत नाही. चार मेला बेटावर हजर व्हायचं होतं. नाही तर माझी जागा वेटिंगमधल्या पुढच्याला. आई खिडकीशी बसली होती, मांडीवर कागदपत्रांची पिशवी दोन्ही हातांनी धरून. कासारवाडी आल्यावर एकदम म्हणाली, "मला आधीच कळाया पायजे होतं. रेशनच्या मशीनवर माझा अंगठा चार वर्षं झालं उठत न्हाई. तुझा कसा उठंल?" मी म्हटलं, "आई, तसं नाही." "काय तसं न्हाई? गप बस. आजपास्नं गोणीला हात लावायचा न्हाई तू." बस्स, एवढीच वेळ होती सांगायची. तोंडाशी आलं होतं. नाशिक फाट्याला चढलेल्या बाईनं टोपली माझ्या पायावर ठेवली आणि ते परत खाली गेलं.

मग माझे राजेशाही दिवस सुरू झाले. खोबरेल तेल, पप्पांनी कंपनीतून आणलेले कापडी हातमोजे, भांडी नाही, धुणं नाही, भाजी चिरायची नाही. रुक्साना चाची शेजारी राहते. तिचे मिस्टर फारूकचाचा टेम्पोतून गोण्या आणतात आणि चाची त्या मजल्यावर वाटते. ती दारात उभी राहून म्हणायची, "कुसुम, तुझी बेगमसाहिबा आज पंखा स्वतः लावली की तू लावून दिलीस?" आई हसायची नाही. ती माझ्या वाटणीची गोणीही घेऊन बसायची. मी मोजे घालून पलंगावर अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसलेली, आणि खाली फरशीवर करर्, करर्, तिचं ब्लेड. आवाज ऐकून मला कळायचं कुठलं सील आहे. पंपाचं लहान असतं, तीन फटक्यांत होतं. दाराचं लांब, त्यात मधे श्वास घ्यावा लागतो. माझी बोटं मोज्याच्या आत आपोआप हलायची. अभिमान असतो ना, तो असा चमत्कारिक असतो. बिल्डिंगच्या गेटवर मी "परदेशी चाललेली" म्हणून मिरवत होते, वॉचमन उठून उभा राहत होता, आणि घरात आईच्या वाकलेल्या मानेकडे बघितलं की सगळी हवा फुस्स.

पहिल्याच संध्याकाळी पप्पांनी ड्यूटीवरून आल्यावर भिंग काढलं होतं. त्यांचं स्वतःचं, डोळ्याला लावायचं, घड्याळवाल्यासारखं. शर्टसुद्धा न काढता खिडकीशी मला उभी केली, एकेक बोट उजेडात फिरवून बघितलं, शाफ्ट बघतात तसं, तोंडातून हूं हूं करत. मग भिंग खाली घेतलं. स्वयंपाकघराकडे नजर टाकली. आणि हळू म्हणाले, "ह्यो रबराचा घास न्हाई. गोल गोल लायनी आहेत. बाराशे नंबरचा पेपर फिरवलास?" माणूस बोटावरचे ओरखडे बघून पेपरचा नंबर सांगतो! भीतीच्या आतून मला एवढा अभिमान वाटला त्यांचा की रडूच आलं. "बावीस वर्षं फायनलला आहे मी," ते म्हणाले. "आईला तू सांगणार का मी सांगू?" "मी सांगते." "कधी?" "सांगते ना." "बरं. रिजेक्ट न्हाई हे. रिवर्क आहे." आणि त्यानंतर रोज संध्याकाळी ते बोटं तपासायचे आणि आईला ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगायचे, "सुधारणा आहे," आणि माझ्याकडे बघायचे. त्या बघण्यापेक्षा ओरडले असते तर परवडलं असतं.

अकराव्या दिवशी सांगितलं. ठरवून नाही. दुपारी चाची घाईची गोणी टाकून गेली, उद्याच हवी म्हणून, आणि आईनं घाईत अंगठा कापला. फार नाही. तिनं तो तोंडात घातला आणि दुसऱ्या हातानं पुढचं सील उचलायला गेली. मी मोजे काढून खाली बसले. "ऊठ," ती म्हणाली. "आई, तुझ्या रबरानं नाही गेली बोटं. मी घासली. पॉलिश पेपरनं." तिनं अंगठा तोंडातून काढला. "का गं?" मी फरशीवरचे कतरे गोळा करायला लागले. "काळी होती म्हणून?" मी मान डोलावली. ती माझ्याकडे बघतच नव्हती, स्वतःच्या हातांकडे बघत होती, उलटे, सुलटे, जणू कुणी आत्ताच आणून दिलेत. पंखा फिरत होता, रबराचे कतरे फरशीवर सरकत होते. "आन् त्या बाईनं इचारलं व्हतं, तवा? हात कुठं शिकलीस म्हणून? दीपमाला मॅडम सांगत व्हत्या मला, बाईनं त्यास्नी लिवून तुझ्या हाताचं लई कौतुक केलं म्हणून." "चित्रकला सांगितलं." आईनं अंगठा पदराला पुसला. "चांगलं हाय की. चित्रकला." आणि तिनं सील उचललं. करर्. रागावली असती, फटका दिला असता, तर मी काहीतरी उलट बोलले असते आणि मिटलं असतं. तिनं नुसतं "चांगलं हाय की" म्हटलं, आणि मला वाटलं कुणीतरी माझ्या सगळ्या अंगावरून पेपर फिरवला.

मी काय केलं सांगू? मोबाइल पुस्तकांना टेकवून उभा केला आणि आईच्या हातांचा व्हिडिओ काढला. "काय करायलीस?" "तू काप." दोन मिनिटं. दाराचं लांब सील, मधे श्वास, झालर एका सलग दोऱ्यासारखी उतरून खाली पडते. सात सीलं झाली तेवढ्यात. मग मार्टिना मॅडमना लिहिलं. दीपमाला मॅडमना स्पेलिंगसुद्धा दाखवलं नाही. लिहिलं की मी खोटं सांगितलं होतं, चित्रकला मला येत नाही, माझा हत्ती डुकरासारखा दिसतो. हे हात माझ्या आईनं शिकवले. हे काम आहे, आणि आम्ही ते अकरा वर्षं करतो. पाठवलं आणि लगेच वाटलं, खोटं बोलणाऱ्या मुलीला त्यांनी का बोलवावं? उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. त्यांनी लिहिलं होतं, खरं सांगितलंस ते बरं केलं, चार मेला वाट बघतो. आणि खाली एक प्रश्न: ती मूठ कशाची आहे? आमच्याकडची ब्लेडं ओल्या हातातून निसटतात. मी आईला वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग चाचीला बोलावून तिसऱ्यांदा. चाची म्हणाली, "या अल्ला, कुसुम, तुझी मूठ तर व्हिसाशिवाय पोचली!" आई म्हणाली, "चल गं, कायतरीच," आणि पदर तोंडाला लावला. पण गोणीला हात मात्र लावू दिला नाही. एकवीस तारखेपर्यंत न्हाई म्हणजे न्हाई.

एकवीसला पप्पांनी रजा टाकली. आत एकच जण जाऊ शकतो म्हणून ते आले, आणि आई म्हणाली, मी बाहेर बसते, माझ्यानं ती काच बघवत न्हाई. निरंजनच होता. त्यानं मला ओळखलं. हिरवा उजेड. उजवी चार बोटं. मी दाबलं नाही, नुसती ठेवली, ब्लेड टेकवतात तशी. एक, दोन... पप्पा माझ्या खांद्यावरून पुढं वाकले होते, त्यांचा श्वास माझ्या कानाला लागत होता. टुंक झालं नाही. दुसराच आवाज आला, गोड, आणि स्क्रीनवर रेषा होत्या. केवढ्या! वळणं, भोवरे, नांगरलेलं रान असावं तशा. सगळ्या परत आल्या होत्या, न विचारता, न रुसता. "आता डावा हात," निरंजन म्हणाला. तर्जनीवरून तिरका पांढरा पट्टा गेला होता, सगळ्या रेषा त्याच्यापाशी थांबून पलीकडून पुन्हा सुरू होत होत्या. त्यानं विचारलं, "हा कट कशाचा?" हॉलमध्ये आजही गर्दी होती. आजही कानात वायरवाली कुणीतरी होती. "ब्लेडचा," मी म्हणाले, जरा मोठ्यानंच झालं. "आम्ही घरी रबर सीलचं कटिंग करतो. आई आणि मी. सहा वर्षांची होते तेव्हा लागलं." निरंजन म्हणाला, "ठीक आहे. अंगठे ठेवा." बस्स. एवढंच. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण मागून पप्पा, स्वतःशीच, लाइनवर माल पास करतात त्या आवाजात म्हणाले, "ओके."

बाहेर आई फुटपाथच्या कठड्यावर झाडाखाली बसली होती. समोरून टाय लावलेली माणसं फायली घेऊन जात होती, आणि हिनं मांडीवर ओढणी पसरलेली, माझीच जुनी, त्यात मूठभर पंपाची सीलं, आणि चाललं होतं करर्, करर्. घरून पिशवीत घालून आणली होती. पप्पा म्हणाले, "अगं, इथं तरी!" ती म्हणाली, "रिकामी बसून जीव जात व्हता." मग माझ्याकडे बघितलं. मी नुसते दोन्ही हात पुढं केले. तिनं एकेक बोट धरून उलटंसुलटं केलं, भिंगाशिवाय. तर्जनीच्या खुणेवर अंगठा फिरवला. मी तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "दे आता." तिनं पिशवीत हात घातला. आत दोन मुठी होत्या. एक आमची नेहमीची, आणि एक कोरी, ट्यूबची नवी काळी पट्टी, वर लाल दोऱ्याचे घट्ट वेढे, ओल्या हातातून निसटू नये असे. मी ती घ्यायला गेले तर तिनं माझ्या हातावर चापट मारली.

"ती न्हाई," आई म्हणाली. "ती तिकडची हाय. तू ही जुनी घे."